तांब्याचा पाइप म्हणजे अर्थिंग नव्हे

प्रश्न : जुन्या घरात अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली आहे. गिझरसाठी तांब्याचा पाइप घालतोय. त्यालाच अर्थिंग जोडू का?

उत्तर : कृपा करून नको. तांबे उत्तम वाहक आहे, पण वीज जमिनीत उतरायला पाइप मातीपर्यंत सलग धातूचाच हवा. मध्ये प्लास्टिकचा एक तुकडा आला की वाट तुटते. मग गिझरमध्ये बिघाड होताच घरातले सगळे धातूचे नळ शॉक देऊ शकतात. शेजाऱ्यांचेही!

अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा करून घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. धातूचे पाइप मात्र हिरव्या तारेने त्या अर्थिंगला जरूर जोडा. पाइप जोडताना आणखी एक काळजी : तांबे थेट जस्तलेपित लोखंडाला जोडल्यास लोखंड लवकर गंजते. मध्ये पितळी जोड घाला.