परवान्याच्या खिडकीवरचे इंग्रजी

आपल्या मंडळींना इंग्रजी येते. परंतु अमेरिकेत वाहन परवान्याच्या खिडकीवर जे चालते ते इंग्रजी जरा निराळे. या कार्यालयाला कॅलिफोर्नियात डीएमव्ही म्हणतात, न्यू जर्सीत एमव्हीसी, तर इलिनॉयमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे असते. फॉर्मवरचे शब्द मात्र बहुतेक तेच.

पहिली अडचण नावाची. 'लास्ट नेम' म्हणजे आडनाव. 'गिव्हन नेम'च्या रकान्यात भारतीय पासपोर्टावर पुष्कळदा स्वतःच्या नावाशेजारी वडिलांचे किंवा पतीचे नावही छापलेले असते. मग इथला कारकून 'माधव विनायक' हे सारेच पहिले नाव धरतो. संगणकाच्या लेखी 'माधव' आणि 'माधव विनायक' ही दोन वेगळी माणसे! सोशल सिक्युरिटी कार्ड, परवाना आणि विम्याची कागदपत्रे यांवर नाव सारखेच राहील असे पाहावे.

तारखेत महिना आधी येतो. ०३/०७ म्हणजे ७ मार्च, ३ जुलै नव्हे. 'आयएसएस' ही परवाना दिल्याची तारीख, 'ईएक्सपी' ही मुदत संपण्याची. 'लिमिटेड टर्म' छापले असेल तर ती मुदत आपल्या मुक्कामाच्या परवानगीला जोडलेली असते. व्हिसाची मुदत वाढली म्हणून परवान्याची आपोआप वाढत नाही.

आता सर्वांत जपून ऐकण्याचा प्रश्न : 'वुड यू लाइक टू रजिस्टर टू व्होट?' १९९३च्या कायद्यामुळे बहुतेक राज्यांत परवान्याच्या अर्जाबरोबरच मतदार नोंदणीची सोय असते. कारकून भराभर विचारतो आणि आपले ज्येष्ठ सौजन्याने 'येस, येस' म्हणत मान डोलावतात. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. 'सिटिझन' या चौकटीत खूण करून सही केली, तर ते खोटे निवेदन ठरू शकते. नागरिकत्वाचा अर्ज अडकतो, प्रकरण देशाबाहेर काढण्यापर्यंतही जाऊ शकते. इथे 'नो' म्हणण्यात कसलाही उद्धटपणा नाही. सही करण्यापूर्वी फॉर्म सावकाश वाचावा, मागची रांग थांबेल. आणि अशी खूण पूर्वीच झाली असेल, तर नागरिकत्वाचा अर्ज करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला दाखवावे.

'रिस्ट्रिक्शन' म्हणजे अट. 'करेक्टिव्ह लेन्सेस' असे असेल तर चष्मा लावूनच गाडी चालवायची. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर चष्मा सुटला तरी ही अट परवान्यावर तशीच राहते; नव्याने दृष्टी तपासून ती काढून घ्यावी. 'एन्डोर्समेंट' ही इथे जादा परवानगी, उदाहरणार्थ मोटारसायकलची. ब्रिटनमधल्या नातेवाइकांशी बोलताना जपा. तिकडे याच शब्दाचा अर्थ परवान्यावर गुन्ह्याची नोंद! 'सस्पेंडेड' म्हणजे काही काळ स्थगित, 'रिव्होक्ड' म्हणजे रद्द.

गाडी न चालवणाऱ्या आजी-आजोबांसाठी 'आयडी कार्ड' मिळते. त्यावर रिअल आयडीची चांदणी असेल तर देशांतर्गत विमानप्रवासाला ते चालते. ७ मे २०२५ पासून हा नियम अमलात आहे. चांदणी नसल्यास पासपोर्ट जवळ ठेवावा. यासाठी 'प्रूफ ऑफ रेसिडेन्सी', म्हणजे राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, आणि घरची सगळी बिले तर मुलाच्या किंवा सुनेच्या नावावर! बँकेत आई-वडिलांच्या नावाचे खाते आधीच उघडावे. त्याचे घरी येणारे स्टेटमेंट अनेक राज्यांत पुरावा म्हणून चालते.