ट्रकतळावर शिकलेलं

वडील नागपूरहून भिलाईच्या स्टील प्लांटात नोकरीला आले आणि आम्ही इथलेच झालो. जीई रोडवरच्या ट्रकवाल्यांमध्ये एचआयव्हीचं काम करताना जे उमगलं, ते लिहितो.

१. सांगणारा त्यांच्यातलाच हवा. माझी पत्रकं ढाब्याच्या बाजेवरच पडून राहायची. मग एका जुन्या ड्रायव्हरला सोबत घेतलं. तो टायरवरून सुरुवात करून निरोधपर्यंत यायचा आणि क्लीनर पोरंसुद्धा जवळ सरकून ऐकायची. सांगलीत 'संग्राम' संस्थेनं 1992 पासून हेच केलं. वेश्यावस्तीतल्या बायकांनीच वस्तीत निरोध वाटले आणि 1996 मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी केली.

२. कुणाच्या दारात जाण्याआधी दहादा विचार करा. एक जण औषध न्यायला आला नाही, म्हणून मी आमच्या संस्थेचं नाव छापलेली पिशवी खांद्याला लावून त्याच्या घरी गेलो. संध्याकाळपर्यंत गल्लीत कुजबुज सुरू झाली. आठवड्याभरात घरमालकानं खोली रिकामी करायला लावली. चूक माझी होती आणि ती अजून सलते. आता पिशवी नाही, बिल्ला नाही. तो म्हणेल त्या टपरीवर, तो म्हणेल त्या वेळी भेटतो. 2017 चा एचआयव्ही कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. नोकरी, उपचार, भाड्याचं घर, कशातही भेदभाव करता येत नाही, हे वस्तीच्या बैठकीत मी आवर्जून सांगतो.

३. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात पडला की खरं काम सुरू होतं. सरकारी एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचे औषधोपचार, 2004 पासून मोफत आहे. 2017 पासून सीडी-4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा, कितीही असो, लगेच सुरू करतात. पण गोळी रोज घ्यायची, जन्मभर. एका ड्रायव्हरनं डबी केबिनमध्ये देवाच्या तसबिरीमागे ठेवली होती. गोळ्या खुळखुळून क्लीनरला कळू नये म्हणून आत कापूस कोंबलेला. त्याला मी एवढंच सांगितलं, "दादा, एकही दिवस चुकवू नका. रक्तात विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की वहिनींना तुमच्यापासून लागण होणार नाही." तो बराच वेळ स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

४. बायकोची तपासणी लांबवू नका. ती गरोदर असेल तर एक दिवसही नको. वेळेत गोळ्या सुरू झाल्या की बाळाला लागणीपासून बहुधा वाचवता येतं.

सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते. मनात शंका असेल तर आधी 1097 वर फोन करा. त्यालाही पैसे पडत नाहीत.