बाण सरळ का जातो?

दिवाळीच्या रात्री जळकोटच्या गल्लीत मुले बाण उडवितात. बाटलीत उभा केलेला बाण वात पेटताच सूं करीत आकाशात चढतो आणि क्षणात दिसेनासा होतो. पण त्याची काडी मोडलेली असेल, तर तोच बाण गिरक्या घेतो, भरकटतो आणि एखाद्या वेळी कडब्याच्या गंजीवरही जाऊन पडतो. दारू तीच, वात तीच. मग एका काडीने एवढा फरक का बरे पडावा?

प्रत्येक वस्तूत असा एक बिंदू असतो, की तेथे आधार दिला असता ती समतोल राहते. त्यास गुरुत्वमध्य म्हणतात. उडणाऱ्या वस्तूत दुसराही एक बिंदू महत्त्वाचा असतो. वस्तू जराशी तिरकी झाली, की हवा तिला बाजूने रेटू लागते. हा सारा रेटा जेथे एकवटतो, तो दाबमध्य होय. दाबमध्य गुरुत्वमध्याच्या मागे असला, तर हवा शेपटीला ढकलून बाणाचे तोंड पुन्हा वाटेवर आणते. तो पुढे असला, तर तीच हवा बाणाला उलटा फिरविते. बाणाची लांब, हलकी काडी दाबमध्याला मागे नेते, म्हणून बाण सरळ जातो.

अग्निबाणाच्या लहान नमुन्यांना काडीऐवजी पंख असतात. १९५४ साली अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात ऑर्व्हिल कार्लाइल या जोड्यांच्या दुकानदाराने असा एक नमुना तयार केला. त्याचा भाऊ व्याख्याने देत असे. त्यास तो उपयोगी पडावा, हा हेतू होता. पुढे १९५७ साली रशियाचा स्पुतनिक आकाशात गेला, तेव्हा तेथील मुले घरीच दारू ठासून अग्निबाण करू लागली आणि कित्येक जखमी झाली. कार्लाइलच्या कल्पनेतून त्यावर उपाय निघाला : इंजिन कारखान्यातून तयार आलेले, अंग कागदाचे व हलक्या लाकडाचे, आणि सावकाश उतरण्यासाठी हवाई छत्री. दारू स्वतः ठासावयाची नाही आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीवाचून उडवावयाचे नाही, हा नियम आजही तितकाच पक्का आहे.

अशा नमुन्याची टोपी व पंख आता हव्या त्या मापाने छापून घेता येतात. येथे छापणे म्हणजे कागदावर शाई उमटविणे नव्हे. मातीची भिंत घालणारा एक थर घालतो, तो वाळू देतो आणि मग त्यावर दुसरा चढवितो. हे यंत्रही तसेच करते. प्लास्टिकची बारीक दोरी सुमारे २०० अंश उष्णतेने वितळवून ते थरावर थर घालीत जाते. १९८८ साली स्कॉट क्रम्प या अमेरिकन अभियंत्याने आपल्या लहान मुलीसाठी गरम गोंदाच्या पिचकारीने खेळण्यातला बेडूक करून पाहिला; त्यातून या रीतीचा उगम झाला. एक थर ०.२ मिलिमीटर जाडीचा धरला, तर ६० मिलिमीटर उंचीच्या टोपीला ३०० थर लागतात. २०१६ साली सुरू झालेल्या अटल नवोन्मेष अभियानातून अनेक शाळांच्या प्रयोगशाळांत अशी यंत्रे आली आहेत.

परंतु यंत्र सांगितले तेवढेच करते. विचार माणसानेच करावयाचा असतो. टोपीचा बुडखा नळीत सैल बसला, तर टोपी वाटेतच गळते. फार घट्ट बसला, तर छत्री बाहेर येत नाही आणि अग्निबाण दगडासारखा खाली कोसळतो. म्हणून नळी आतून २४ मिलिमीटर असली, तर बुडखा थोडा लहान, सुमारे २३.७ मिलिमीटर ठेवावा लागतो. पंख उभा छापला, तर आपटताच तो थरांच्या सांध्यावर तडकतो. तो आडवा छापावा. शिवाय हे प्लास्टिक बाल्सा नावाच्या हलक्या लाकडापेक्षा कितीतरी जड असते. जाड पंख छापले, की शेपटी जड होते, गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि काडी मोडलेल्या बाणाची गत होते! अशा वेळी पंख पातळ करावे किंवा टोपीच्या पोकळीत मातीचा लहानसा गोळा बसवावा. मक्यासारख्या पिकांच्या साखरेपासून होणारे नेहमीचे प्लास्टिक ६० अंशांच्या सुमारास मऊ पडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्यावर ठेवलेला पंख वाकला, तर नवल नाही.

उडविण्यापूर्वी परीक्षा करणे सोपे आहे. अग्निबाणाची बाह्याकृती पुठ्ठ्यावर काढून कापावी आणि ती बोटावर तोलावी. जेथे ती तोलेल, तो दाबमध्य, असे अंदाजाने धरता येते. उडविण्यास सिद्ध असलेल्या अग्निबाणाचा गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, निदान नळीच्या जाडीइतका तरी असावा.

हीच छपाई आज खऱ्या अग्निबाणांच्याही कामी येत आहे. तेथे प्लास्टिकऐवजी धातूची पूड असते आणि लेसर किरण ती थराथराने वितळवितो. ९ मे २०२४ रोजी इस्रोने पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचे असे इंजिन ६६५ सेकंद चालवून पाहिले. पूर्वी त्याचे १४ भाग जोडावे लागत. आता ते एकसंध झाले आणि १९ जोड वाचले. ५६५ किलो धातूऐवजी १३.७ किलो पूड पुरली. त्याच महिन्याच्या ३० तारखेस चेन्नईच्या अग्निकुल संस्थेचा अग्निबाण एकसंध छापलेल्या इंजिनाच्या बळावर श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याचे नावही ‘अग्निबाण’ असेच आहे. यंत्रे बदलली, धातू बदलले. पण उडविण्यापूर्वी मोजावे, तोलावे आणि मगच वात पेटवावी, ही शिस्त लहानथोर सर्व बाणांना सारखीच लागू आहे.

स्वाध्याय

१. काडी मोडलेला बाण का भरकटतो?
२. टोपीचा बुडखा फार घट्ट झाल्यास काय होईल?
३. जाड पंखांमुळे कोणता दोष येतो? त्यावर दोन उपाय सांगा.
४. ४५ मिलिमीटर उंचीच्या टोपीला ०.२ मिलिमीटरचे किती थर लागतील?
५. उपक्रम : पुठ्ठ्यावर अग्निबाणाची आकृती कापून तिचा तोल शोधा. पंख मोठे व लहान करून तो बिंदू कोणीकडे सरकतो ते वहीत लिहा.