मद्रासचे नाव लागलेला आजार मद्रासच्या पाण्यातून येतो का?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त चेन्नईला राहतो. त्याच्या ऑफिसातल्या एका तिशीच्या सहकाऱ्याला ‘मद्रास मोटर न्यूरॉन डिसीज’ आहे. त्याचे हात बारीक झाले आहेत, कानाला यंत्र आहे, पण बरीच वर्षे तो तसाच आहे आणि रोज कामावर येतो. आम्ही तर ऐकून होतो की मोटर न्यूरॉनचा आजार झाला की माणूस तीन-चार वर्षांत जातो. मग हा कुठला आजार? त्याला शहराचे नाव कसे मिळाले? तिथल्या हवापाण्यात काही दोष आहे का? – एक वाचक, सातारा

उत्तर : आईवडिलांच्या मनातली शंका आधी दूर करू. हा आजार संसर्गजन्य नाही. रुग्णाशेजारी बसल्याने किंवा एका डब्यात जेवल्याने तो होत नाही. चेन्नईचे पाणी प्यायल्याने तो होतो असा कोणताही पुरावा नाही. मुलाला निर्धास्त राहू द्या. आता उरलेला गुंता एकेक धागा घेऊन सोडवू.

आपण हात उचलतो तेव्हा मेंदूचा हुकूम दोन टप्प्यांत प्रवास करतो. पहिल्या टप्प्यातल्या चेतापेशी तो मेंदूतून खाली मज्जारज्जूपर्यंत आणतात, दुसऱ्या टप्प्यातल्या तो तिथून स्नायूपर्यंत पोचवतात. चेहरा, जीभ आणि घसा यांच्यासाठीच्या दुसऱ्या टप्प्यातल्या पेशी मेंदूच्या बुडाशी असतात. या दोन्ही मिळून मोटर न्यूरॉन. त्या मरू लागल्या की हुकूम पोचत नाही, स्नायू रोडावतो आणि कधीकधी त्वचेखाली आपोआप फडफडताना दिसतो.

इथे दोन-तीन गैरसमज नेहमी आडवे येतात. हाताची ताकद गेली की ‘नस दबली असेल’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण नस दबली तर बहुधा मुंग्या, बधिरपणा किंवा वेदना असते. मोटर न्यूरॉन फक्त हालचालीचे काम करतात, त्यामुळे त्यांच्या आजारात स्पर्श शाबूत राहतो. लकवा म्हणावा, तर तो बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तपुरवठ्यात अचानक अडथळा आल्याने होतो. हा आजार हळूहळू वाढतो. कंपवाताशीही याचा घोळ होतो. कंपवातात मेंदूच्या खोल भागात डोपामिन कमी पडते आणि हालचाल मंद, ताठर, थरथरती होते, पण स्नायू असे झिजत नाहीत.

तुम्ही ऐकलेली तीन-चार वर्षांची गोष्ट खोटी नाही, ती या गटातल्या दुसऱ्या आजाराची आहे. मोटर न्यूरॉनच्या आजारांत सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे एएलएस. फ्रान्सच्या जाँ-मार्तँ शार्को या डॉक्टरांनी १८६९ मध्ये त्याचे वर्णन केले. तो बहुधा पन्नाशी-साठीच्या आसपास सुरू होतो आणि बहुतेक रुग्णांचे आयुष्य त्यानंतर दोन ते पाच वर्षांचे असते. त्यात कान सहसा चांगले राहतात. म्हणजे तुमच्या मुलाच्या सहकाऱ्याचे तीन तपशील या चित्रात बसत नाहीत : कमी वय, कानाचे यंत्र आणि इतकी वर्षे टिकलेली प्रकृती. मद्रासच्या डॉक्टरांना नेमके हेच तपशील खटकले.

चेन्नई सेंट्रल स्टेशनसमोर जे सरकारी जनरल हॉस्पिटल आहे, तिथे १९५० मध्ये डॉ. बी. राममूर्ती यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियांचा विभाग सुरू केला. मज्जासंस्थेच्या रुग्णांना नेण्यासारखी ठिकाणे तेव्हा देशात मोजकीच होती. त्यामुळे दूरदूरच्या गावांतून रुग्ण इथे येत आणि एकाच छपराखाली पुष्कळ रुग्ण पाहण्याची, त्यांची एकमेकांशी तुलना करण्याची संधी डॉक्टरांना मिळे. त्यांत काही तरुण मुलेमुली वेगळी दिसत. हातपाय बारीक, चेहऱ्याचे स्नायू दुबळे, बोलणे अडखळते, गिळायला त्रास, आणि यांतल्या अनेकांना ऐकू कमी येई. आजार तिशीच्या आत, बहुधा किशोरवयात सुरू झालेला असे. रुग्ण वर्षानुवर्षे पुन्हा तपासायला येई, आणि प्रकृती फारशी ढासळलेली नसे.

ई. मीनाक्षीसुंदरम, के. जगन्नाथन आणि राममूर्ती यांनी १९७० मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध केले. मद्रासमध्ये तरुण वयात दिसणारा मोटर न्यूरॉनचा हा आजार वेगळ्या वळणाचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. १९७३ पर्यंत ‘मद्रास पॅटर्न’ हे नाव शोधनिबंधांच्या शीर्षकात आले होते. पुढे शहराचे नाव चेन्नई झाले, आजाराचे मात्र जुनेच राहिले.

आता नावाबद्दल. आजाराला गावाचे नाव लागले की गाव दोषी, असे वाटणे साहजिक आहे, कारण कधीकधी ते खरे असते. जपानच्या मिनामाता गावातला मज्जासंस्थेचा आजार कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळेच झाला होता. पण अनेकदा नाव मिळते ते फक्त आजार पहिल्यांदा नीट ओळखला गेला त्या जागेचे. तमिळनाडूतलेच उदाहरण घ्या. पायाला होणारा ‘मदुरा फूट’ हा आजार एकोणिसाव्या शतकात मदुराईच्या डॉक्टरांनी नोंदवला म्हणून ते नाव पडले. तो सुदानमध्ये आणि मेक्सिकोतही होतो.

मद्रासचा आजार या दुसऱ्या जातीचा. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत एम. गौरी-देवी आणि नंतर ए. नलिनी यांनी त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. २००८ मध्ये नलिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साडेतीन दशकांत तिथे आलेल्या शंभराहून अधिक रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. म्हणजे चेन्नईबाहेरही हे रुग्ण आहेत : कर्नाटक, आंध्र, केरळ इथले. काही रुग्णांची दृष्टिचेताही सुकते. अशा सात रुग्णांचे वर्णन गौरी-देवी आणि नलिनी यांनी २००३ मध्ये केले आणि त्याला या आजाराचा उपप्रकार मानले. भारताबाहेर मात्र असे रुग्ण तुरळक सापडले आहेत. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कोणाला हा आजार नसतो. थोड्या कुटुंबांत तो एकापेक्षा जास्त जणांना होतो. दक्षिण भारतातच तो जास्त का, याचे उत्तर शास्त्राला अजून मिळालेले नाही.

कारण शोधण्याचे प्रयत्न थांबलेले नाहीत, आणि त्यातला एक मला फार मोलाचा वाटतो. ब्राउन-व्हायालेट्टो-व्हान लेअर नावाचा दुर्मीळ आनुवंशिक आजार जवळजवळ असाच दिसतो : बहिरेपण, आणि चेहरा व घशाचा दुबळेपणा. २०१० पासून कळत गेले की त्यामागे रायबोफ्लेविन, म्हणजे ब-२ जीवनसत्त्व, पेशींत नेणाऱ्या प्रथिनांच्या जनुकांतला दोष असतो. त्यातल्या अनेक रुग्णांना हे जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिल्यावर खरोखर फरक पडतो. मग मद्रासचा आजारही तोच असेल का? तसे निघाले असते तर इतक्या तरुणांना साध्या जीवनसत्त्वाचा आधार मिळाला असता. नलिनी आणि लंडनच्या संशोधकांनी ती जनुके तपासली आणि २०१३ मध्ये सांगितले की हे दोन आजार वेगळे आहेत. उत्तर नकारार्थी आले, तरी एक दार तपासून झाले आणि पुढच्या संशोधकांना दिशा मिळाली. रुग्णाने मात्र यातून स्वतःच निष्कर्ष काढू नये. दिसायला दोन्ही आजार सारखे असल्याने, ब-२ ने सुधारणारा आजार आपल्याला नाही ना, हे मज्जाविकारतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

एव्हाना तुमच्या मनात मोटर न्यूरॉनचा आजार असलेले शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग आले असतील. त्यांचे निदान १९६३ मध्ये, एकविसाव्या वर्षी झाले, आणि ते २०१८ पर्यंत जगले. पण त्यांचा आजार मद्रासचा नव्हता. तो एएलएसचाच अपवादाने संथ चाललेला प्रकार होता. मोटर न्यूरॉनच्या आजाराचा वेग सगळ्यांत सारखा नसतो, एवढे त्यांच्या उदाहरणावरून नक्की समजते.

मद्रासचा आजार बरा करणारे औषध आज नाही. म्हणून वेगळे नाव देऊन काय साधले, असे कुणी विचारेल. माझ्या मते पुष्कळ साधले. सतरा वर्षांच्या मुलीला ‘मोटर न्यूरॉनचा आजार’ एवढेच सांगितले, तर तिचे घर तिच्या मरणाची तयारी करू लागते. शाळा सुटते, लग्न-नोकरीचा विचार सोडून दिला जातो. तोच डॉक्टर नेमका प्रकार ओळखू शकला, तर तिला सांगता येते की तुझ्यापुढे बहुधा अनेक वर्षे आहेत, त्यांचा बेत आख. मग श्रवणयंत्र, बोलण्याचे आणि गिळण्याचे प्रशिक्षण, हातांसाठी व्यायाम, वापरायला सोपी साधने या सगळ्यावर खर्च करण्यात अर्थ राहतो. हे शक्य झाले ते सरकारी इस्पितळाच्या गर्दीतही डॉक्टरांनी ‘हा रुग्ण पुस्तकात बसत नाही’ याची नोंद ठेवली म्हणून.

तेव्हा मुलाला सांगा, सहकाऱ्याची भीती बाळगू नकोस आणि त्याच्यापुढे इंटरनेटवरची तीन-चार वर्षांची गोष्टही काढू नकोस. बोलताना त्याच्या समोर उभा राहा, म्हणजे त्याला ओठ दिसतील; आणि जेवताना घाई करू नकोस, कारण गिळायला त्याला वेळ लागत असेल.