चंचल मूल व शिक्षकाची दृष्टी



वर्गातील एखादे मूल जागेवर बसत नाही, सांगितलेले विसरते, गणित अर्धेच सोडते. आपण त्यास खोडकर ठरवून मोकळे होतो. उमेदवारीच्या काळात मीही अशा एका मुलास रोज वर्गाबाहेर उभे करीत असे. तो सल अजून गेलेला नाही.

बुद्धी चांगली असूनही मन आवरता न येणारी मुले असतात, हे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ मध्ये लंडन येथील व्याख्यानांतून मांडले. १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने या अवस्थेस 'अवधान-न्यूनता विकार' हे नाव दिले. तिचा संबंध मेंदूच्या विकासाशी आहे. आळस वा वाईट वळण हे तिचे कारण नव्हे.

तथापि प्रत्येक चपळ मूल विकारग्रस्त नसते. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली, किमान सहा महिने टिकलेली व घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणी आढळणारी असावी लागतात. निदान तज्ज्ञ डॉक्टरांनीच करावे. शिक्षकाने आपले निरीक्षण लिहून पालकांस दाखवावे.

अशा मुलास पुढे बसवावे, काम थोडेथोडे द्यावे, मधूनच फळा पुसण्यास उठवावे आणि जमलेल्या गोष्टीची शाबासकी तत्काळ द्यावी. शिक्षेने त्याचे लक्ष लागत नाही. मूल शाळेस मात्र पारखे होते.