लकडगंजचे लाकूड आणि गडचिरोलीचे वन

नागपूर शहराच्या पूर्व भागातील लकडगंज ही वस्ती आपला व्यवसाय नावातच सांगते. लाकडाच्या वखारी आणि आरागिरण्या यांचे हे गंज, म्हणजेच पेठ. या पेठेत येणाऱ्या सागाचे एक मोठे माहेर वैनगंगेच्या पूर्वेस, गडचिरोली जिल्ह्यात आहे. दिल्लीत २०२३ साली खुल्या झालेल्या संसद भवनातील सागवान 'नागपूरचे' म्हणून ओळखले गेले. लाकडाला असे पेठेचे नाव मिळते. वन आणि तेथील मनुष्यबळ अज्ञातच राहते.

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. २०११ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या १०.७३ लाख होती. म्हणजे राज्याच्या सुमारे ४.७ टक्के भूमीवर राज्याची एक टक्क्याहूनही कमी वस्ती. राज्यात दर चौरस किलोमीटरला सरासरी ३६५ माणसे असताना येथे ती केवळ ७४ होती. लोकसंख्येत गोंड, माडिया आदी अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते.

जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाच्छादित असल्याने शेतजमीन थोडी, आणि धानाचे पीक मुख्यतः पावसाच्या भरवशावर. उरलेले वर्ष वनावर निभते. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुले वेचली जातात. एप्रिल-मेमध्ये तेंदूपत्ता तोडून ७० पानांचे एक पुडके बांधले जाते. बांबूतोड आणि कूपातील कामे यांतूनही रोजगार मिळतो.

परंतु रोजगार आणि उत्पन्न या दोन भिन्न गोष्टी होत. कूपात तोडलेला साग काष्ठागारात येतो, तेथे त्याचा लिलाव होतो. पुढे वाहतूक, चिराई आणि विक्री अशा प्रत्येक टप्प्यावर त्याचे मोल वाढते. ही वाढ मुख्यतः पेठेत होते, वनात मजुरीच उरते. बांबूचीही हीच स्थिती होती. दीर्घ मुदतीच्या करारांनी तो कागद कारखान्यांकडे जात असे.

या रचनेला छेद दिला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. त्याने बांबूची गणना गौण वनोपजात केली आणि सामूहिक हक्क मान्य केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या सुमारे पाचशे वस्तीच्या गावास २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. परवाना देणारा हात बदलताच भाव ठरविण्याची ताकदही गावाकडे आली. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या.

विरळ वस्ती ही सामान्यतः उणीव समजली जाते. रस्ता, शाळा, दवाखाना यांचा दरडोई खर्च वाढतो, हे खरेच आहे. तथापि मेंढ्याचा अनुभव दुसरी बाजू दाखवितो: माणसे थोडी आणि वन विस्तीर्ण असेल, तर हक्क हाती असताना हीच विरळता गावाचे भांडवल ठरते. बांबूची कारागिरी आणि मोहफुलांवरील प्रक्रिया गावातच झाली, तर वनोपजाबरोबर बाहेर जाणारे मोलही गावात थांबेल. लकडगंजची पेठ आपल्या जागी राहील. तेथे येणाऱ्या मालाला गावाचे नाव आणि गावाला त्याचा वाटा मिळणे, हीच वनाधारित विकासाची खरी कसोटी होय.