बारवीचं पाणी समुद्राला मिळतं तेव्हा : खाडी, भरती-ओहोटी आणि मासेमारी

आज आपण खाऱ्या पाण्यातील मासेमारी आणि होड्या यांची माहिती पाहणार आहोत. तुमच्यापैकी बरेच जण बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर भागातले. तुम्ही म्हणाल, "सर, आपल्याकडे कुठे आहे समुद्र? आपल्याकडे तर बारवी धरण!" बरोबर आहे. पण आजचा धडा मी मुद्दामच बारवीपासून सुरू करतोय.

बारवी धरण बारवी नदीवर आहे आणि ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचं, म्हणजे आपण ज्याला एमआयडीसी म्हणतो, त्यांचं आहे. धरणाची उंची वाढवल्यावर पाण्याची पूर्ण पातळी ७२.६० मीटर झाली आणि साठा सुमारे ३४० दशलक्ष घनमीटरपर्यंत गेला. ही उंची वाढवताना आसपासच्या पाड्यांची घरं-शेतं पाण्याखाली गेली, हेही लक्षात ठेवा. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्यात त्या माणसांचा वाटा आहे. धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे उघडतात आणि पाणी खाली वाहू लागतं.

ते पाणी जातं कुठे? बारवी उल्हास नदीला मिळते. उल्हास येते खंडाळा-राजमाचीच्या डोंगरातून, कर्जत, वांगणी, बदलापूर करत. पुढे कल्याणजवळ काळू आणि भातसा यांचं पाणीही तिच्यात येतं. कल्याणच्या पुढे नदी 'नदी' राहत नाही, तिची खाडी होते. एक फाटा ठाण्याच्या खाडीकडे वळतो आणि मुख्य प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. एका काठाला वसई आणि नायगाव, दुसऱ्या काठाला भाईंदर, मध्ये पाणजू बेट. खाडीच्या तोंडाशी उत्तन, वसई इथले कोळी बांधव समुद्रावर जातात.

भूगोलाच्या पुस्तकात 'ही नदी अरबी समुद्राला मिळते' असं एक वाक्य असतं आणि धडा संपतो. मला ते वाक्य नेहमी अर्धवट वाटतं. मिळते म्हणजे काय होतं? खरी गंमत तर तिथेच आहे.

खारं पाणी आणि गोडं पाणी

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यामुळे ते जड असतं. एक घनमीटर गोडं पाणी १००० किलो भरतं, तर समुद्राचं पाणी सुमारे १०२५ किलो. आता आर्किमिडीजचा नियम आठवा. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. समजा, सामानासकट एक होडी १० टनांची आहे. गोड्या पाण्यात तिला १० घनमीटर पाणी बाजूला सारावं लागेल आणि समुद्रात फक्त सुमारे ९.७६ घनमीटर. म्हणजे तीच होडी समुद्रात थोडी वर तरंगते आणि नदीत आली की थोडी खाली बसते. काठोकाठ भरलेली होडी खाडीतून आत आणताना ही 'थोडी'सुद्धा महागात पडू शकते. मोठ्या जहाजांच्या अंगावर म्हणूनच गोड्या पाण्यासाठी वेगळी आणि खाऱ्या पाण्यासाठी वेगळी रेघ आखलेली असते.

माशांचं शरीरही या क्षारांप्रमाणे चालतं. विज्ञानात आपण परासरण शिकलो. समुद्रातल्या माशाच्या अंगातलं पाणी सतत बाहेर खेचलं जातं, म्हणून तो पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटलाचं उलट. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, म्हणून तो जवळजवळ पाणी पीतच नाही आणि लघवी मात्र भरपूर करतो. (वर्गात हे सांगितलं की हशा होतो. होऊ द्या, पण परीक्षेत लिहा.) रोहू थेट समुद्रात सोडला तर तो जगणार नाही आणि पापलेट बारवीत सोडलं तर तेही नाही.

पण काही मासे दोन्हीकडे राहतात. आपल्या रायगड-ठाण्याचा लाडका जिताडा घ्या. तो गोड्या पाण्यात वाढतो आणि अंडी घालायला खाडीच्या खाऱ्या पाण्याकडे उतरतो. त्याची पिल्लं पुन्हा वर चढतात. आणखी नवल म्हणजे जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याचीच मादी होते! आता विचार करा. मोठे जिताडे सगळे पकडले तर काय उरेल? लहान नर. अंडी घालायला कोणीच नाही. आणि नदीवर बंधारे आले की पिल्लांची वर जायची वाटही बंद.

कोळंबीचा प्रवास वेगळा आहे. समुद्रातल्या कोळंबीची पिल्लं भरतीबरोबर खाडीत येतात, तिवरांच्या मुळांत लपतात, वाढतात आणि मग समुद्रात परततात. म्हणजे तिवरं ही कोळंबीची बालवाडी समजा. ती तोडून भराव टाकला की कोळ्याच्या जाळ्यात कोळंबी कमी येते.

भरतीचं गणित

समुद्रावर जाणारा माणूस घड्याळाआधी तिथी बघतो. भरती रोज दोनदा येते, पण रोज साधारण ५० मिनिटं उशिरा. कारण पृथ्वी एक फेरा पूर्ण करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, तेव्हा उधाणाची भरती. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची भरती. मुंबई-वसईच्या किनाऱ्यावर उधाणात भरती आणि ओहोटीमधला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, म्हणजे दीड मजला उंच पाणी! भांगात तो खूपच कमी असतो.

कोकण किनाऱ्यावर पूर्वापार एक सोपा हिशेब आहे. तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. जे उत्तर येईल तेवढ्या वाजता भरती पूर्ण. पंचमी असेल तर ५ × ३ = १५, भागिले ४ म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचार आणि पहाटेही त्याच सुमाराला. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो आणि खाडीत जसं आत जाल तशी भरती आणखी उशिरा पोहोचते. पण ज्यांच्या आजोबांनी शाळेचं तोंड पाहिलं नाही, त्या घरांत हे अपूर्णांकाचं गणित तोंडी चालत आलंय. मला याचं फार कौतुक वाटतं.

हे गणित आपल्याही कामाचं आहे बरं का. वर डोंगरात मुसळधार पाऊस, धरणाचे दरवाजे उघडे आणि त्याच वेळी खाली समुद्राला उधाण, असं जुळून आलं तर नदीचं पाणी समुद्र घेत नाही. ते खाडीतच तुंबतं आणि कल्याणच्या सखल भागांत शिरतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातही भरतीने भर घातली होती. वांगणीपर्यंत मात्र भरती पोहोचत नाही. तिथे २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली ती निव्वळ उल्हासच्या पुरामुळे. हजारांहून अधिक प्रवाशांना बाहेर काढायला रबरी बोटी आल्या. ज्यांनी कधी होडीत पाय ठेवला नव्हता ते त्या दिवशी रेल्वेतून उतरून होडीत बसले!

डोल जाळं कसं चालतं

आता मासेमारी. आपल्या किनाऱ्यावर बोंबिलासाठी जे जाळं वापरतात त्याला डोल म्हणतात. हे भल्या मोठ्या पिशवीसारखं, किंवा नरसाळ्यासारखं असतं. तोंड रुंद, शेपटाकडे निमुळतं. तोंडाशी मोठी आसं (जाळ्याच्या छिद्राला आस म्हणतात), शेपटाकडे अगदी बारीक. समुद्राच्या तळाशी खुंट रोवून किंवा वजन टाकून हे जाळं एका जागी बांधतात. मग बोट जाळं ओढत नाही. भरती-ओहोटीचा प्रवाहच मासे जाळ्यात आणून सोडतो. प्रवाह थांबून उलटायच्या आत जाळं वर घ्यायचं. उशीर झाला तर आलेली मासळी उलट्या पाण्याबरोबर निघून जाते.

म्हणजे डोलीचं इंजिन चंद्र आहे असं म्हणायला हरकत नाही. उधाणात प्रवाह जोरात, तेव्हा धंदा चांगला. भांगात प्रवाह मंद, तेव्हा जाळी दुरुस्त करायची, बोट धुवायची, घरची लग्नं-कार्यं उरकायची. बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, वाकट्या हे सगळं डोलीत मिळतं. बोंबिलाच्या अंगात पाणी फार, म्हणून तो पटकन खराब होतो. वसई-अर्नाळ्याकडे बांबूच्या वलांड्यांवर ओळीने टांगून सुकवतात ते याचसाठी. पावसाळ्याआधी आपल्या आया-आज्या आगोटीची खरेदी करतात ना, सुके बोंबील, जवळा, सोडे? त्यातलं बरंचसं अशाच कुठल्यातरी वलांडीवर वाळलेलं असतं.

डोलीचा एक दोषही सांगायला हवा. शेपटाकडची आसं इतकी बारीक की माशांची पिल्लंही अडकतात. पापलेटची बोटभर पिल्लं विकून पैसे थोडे मिळतात, पण ती वाढली असती तर कितीतरी जास्त मिळाले असते. २०२३ मध्ये रुपेरी पापलेटला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून जाहीर केलं गेलं, त्यामागे ही काळजी होती.

बोटीवरची माणसंही ओळखून घ्या. बोटीचा मालक तो नाखवा. समुद्रात हुकूम चालतो तो तांडेलाचा. बाकीचे खलाशी. बोटीचा पुढचा टोकदार भाग म्हणजे नाळ, दिशा देतं ते सुकाणू. खोली मोजतात वावेत. दोन्ही हात पसरल्यावर होणारं अंतर म्हणजे एक वाव, सुमारे १.८ मीटर. अंतर मोजतात सागरी मैलात. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतच्या मासेमारीवर राज्याचा कायदा चालतो. तो १९८१ चा आहे.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. हा अनेक माशांचा अंडी घालायचा काळ आणि समुद्रही खवळलेला. पूर्वी महाराष्ट्रात बंदी १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यांपैकी जे आधी येईल तिथपर्यंत चालायची. आता तारीख आधी संपते आणि नारळी पौर्णिमा बहुतेक वेळा नंतर येते. समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय बोट न लोटणारी घरं त्यामुळे पेचात पडतात. शेजारची बोट १ ऑगस्टला निघाली तर आपण किती दिवस थांबायचं?

सोयी वाढल्यात हेही खरं. जीपीएस आहे. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हिरवा रंग बघून मासे कुठे मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. निसर्ग (३ जून २०२०) आणि तौक्ते (मे २०२१) या वादळांत आधी इशारे मिळाल्यामुळे बोटी परत बोलावता आल्या. पण यंत्रांनी कर्जही वाढवलं. मोठ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने मर्यादा घातल्या, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी आणली. तरी लहान कोळ्याची तक्रार तीच आहे, जवळ मासा उरला नाही, लांब जावं लागतं आणि लांब म्हणजे डिझेल.

मग यात आपला काय संबंध?

बारवीचं पाणी आपल्या घरांत आणि कारखान्यांत जातं. वापरून झालं की नाल्यात येतं. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर ज्या वालधुनीच्या काठी आहे, ती नदी आज पाहिलीत तर नदी म्हणायला जीभ वळत नाही. ती कल्याणला खाडीत मिळते. उल्हासमध्ये सांडपाण्यामुळे जलपर्णी माजते. पावसात ती वाहत खाली जाते, खाऱ्या पाण्यात मरते, कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाते. डोल जाळं तर प्रवाहातलं सगळं गोळा करतं, मासा आणि पिशवी यांत ते फरक करत नाही. बदलापूरच्या नाल्यात टाकलेली प्लास्टिकची पिशवी वसईच्या खलाशाला जाळ्यातून हाताने वेचावी लागते.

याच पाण्यावर एके काळी मोठा व्यवहार होता. कल्याण हे प्राचीन बंदर, कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचं नाव येतं. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि स्वराज्याच्या आरमाराची पहिली जहाजं याच खाडीत बांधायला घेतली. दुर्गाडी किल्ल्यावर उभं राहिलं की ती खाडी दिसते.

घरी करून पाहा

१. आज कोणती तिथी आहे ते कॅलेंडरवर बघा आणि वसईला भरती किती वाजता असेल ते काढा. मग त्या दिवसाचं मुंबईचं भरतीचं कोष्टक वर्तमानपत्रात शोधून फरक किती मिनिटांचा आला ते लिहा.

२. एक बोट सामानासह २० टनांची आहे. गोड्या आणि खाऱ्या पाण्यात ती प्रत्येकी किती घनमीटर पाणी बाजूला सारेल?

३. अष्टमीला पहाटे डोल जाळं लावायला जायचं की नाही? उत्तर 'हो' किंवा 'नाही' असं चालणार नाही, कारण लिहा. बाजारात मासळी विकणाऱ्या मावशींना विचारलंत तर त्या माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.